शाब्दिक उदाहरणांची कुळकथा

एका हौदास दोन नळ आहेत. पहिल्या नळानें तो ४ तासांत भरतो, दुसऱ्यानें ६ तासांत. आणि तळाशीं एक मोरी आहे, तिच्यावाटे भरलेला हौद १२ तासांत रिकामा होतो. तिन्ही एकदम उघडल्यास हौद किती वेळांत भरेल? मराठी शाळेंत शिकलेल्या मनुष्यास या हौदाची ओळख करून द्यावयास नको. उत्तर ३ तास येतें. पण हौद भरावयाचा असतां मोरीचें बूच काढून ठेवणारा हा गृहस्थ कोण, असा प्रश्न पिढ्यान् पिढ्या मुलांच्या मनांत आलेला आहे, आणि तो मोठ्यानें विचारणाऱ्या मुलाच्या वांट्यास बहुधा छडी आलेली आहे. वस्तुतः त्या मुलाची शंका गणिताच्या इतिहासाइतकी जुनी आहे. हिशेबाच्या पुस्तकांत गोष्ट कशासाठीं येते, ती कितपत खरी मानावयाची, आणि उत्तर निघाल्यावर त्या गोष्टीकडे पुन्हां पाहावयाचें कीं नाहीं, हें त्या शंकेच्या पोटीं दडलेलें आहे.

हौद स्वतः फार म्हातारा आहे. ग्रीक लोकांच्या काव्यसंग्रहाच्या चौदाव्या भागांत गणिताचीं कोडीं आहेत. त्यांत एक ब्राँझचा सिंह आहे, त्याच्या डोळ्यांतून, तोंडांतून आणि पायांतून पाण्याच्या धारा सुटतात, आणि प्रत्येक धार निरनिराळ्या वेळांत कुंड भरते. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतींत चार झरे आहेत. एक झरा वापी एका दिवसांत भरतो, दुसरा अर्ध्या दिवसांत, तिसरा दिवसाच्या तृतीयांशांत, चौथा षष्ठांशांत. चारी एकदम सोडल्यास दिवसाच्या बाराव्या भागांत ती भरते. भास्कराचार्यांच्या वापीला मोरी नाहीं, हें येथें नमूद करून ठेवलेलें बरें.

याहूनही मागें गेलें तर इजिप्त देशांत जावें लागतें. इ.स.पूर्व १५५० च्या सुमारास अहमेस नांवाच्या लेखनिकानें एका जुन्या ग्रंथाची नक्कल केली. ती गुंडाळी १८५८ मध्यें लक्सर येथें हेन्री र्‍हिंड नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें विकत घेतली आणि आतां तिचा बहुतेक भाग लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. तींत भाकऱ्या दहा माणसांत वांटण्याचीं, धान्याच्या कोठारांचीं, बीअरच्या बळकटीचीं उदाहरणें आहेत. म्हणजे सरकारी कोठारावर नेमलेल्या कारकुनास जें रोज लागे तें. पण मध्येंच एक निराळें उदाहरण येतें. सात घरें, प्रत्येक घरांत सात मांजरें, प्रत्येक मांजरानें सात उंदीर मारले, प्रत्येक उंदीर सात कणसें खाणार होता, आणि प्रत्येक कणसापासून सात मापें धान्य आलें असतें. या सर्वांची बेरीज १९६०७. घरांत मांजरें आणि मांजरांत कणसें मिळवून कोणत्या कोठारांत ठेवावयाचीं? हें गणित कोणाच्याही कामाचें नाहीं. रुक्ष कामाच्या वहींत लेखनिकानें स्वतःची आणि शिष्याची थोडी करमणूक करून घेतली, एवढाच त्याचा अर्थ दिसतो.

बाबिलोनच्या मातीच्या विटांवरील एक उदाहरण तर याहून विलक्षण आहे. एका मनुष्यास दगड सांपडतो. तो त्याचें वजन करीत नाहीं. मग त्यांत त्याचाच सातवा हिस्सा मिळवतो, आलेल्या वजनांत त्याचा अकरावा हिस्सा मिळवतो, आणि एवढें झाल्यावर तोलून पाहतो तों वजन एक माना भरतें. मूळ दगड केवढा? ज्याच्याजवळ तराजू होता त्यानें तो आरंभींच कां वापरला नाहीं, असें विचारण्याचा अधिकार बाबिलोनच्या विद्यार्थ्यासही होता. यावरून एक गोष्ट निश्चित होते कीं, उदाहरणांतील गोष्ट ही व्यवहाराची हुबेहुब नक्कल असते, असें निदान तीन साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या शिक्षकांनीं तरी मानलेलें नव्हतें.

गोष्टी देशोदेशीं कशा फिरल्या, याचा विचार केला म्हणजे मन थक्क होतें. चीन देशांतील 'गणिताचे नऊ अध्याय' या प्राचीन ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायांत दहा फूट बाजूचें चौकोनी तळें आहे (तेथील माप फुटाहून थोडें निराळें आहे, पण हिशेबास बाध येत नाहीं). तळ्याच्या मध्यभागीं उगवलेला बोरू पाण्यावर एक फूट आहे. तो कांठाकडे ओढला तर शेंडा बरोबर कांठास लागतो. पाणी १२ फूट खोल. त्याच अध्यायांत दहा फूट उंचीचा बांबू मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून तीन फुटांवर टेकतो. आर्यभटीयावर इ.स. ६२९ मध्यें टीका लिहिणाऱ्या पहिल्या भास्करानें असाच वेळू आणि असेंच कमळ घेतलें आहे. पुढें पांचशें वर्षांनीं लीलावतींत ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्यानें मोडतो, शेंडा मुळापासून १६ हातांवर टेकतो आणि तो १२ हातांवर मोडला असें उत्तर येतें. तेथेंच चक्रवाक आणि क्रौंच पक्ष्यांनीं गजबजलेलें सरोवर आहे; पाण्यावर अर्धा हात असलेली कमळाची कळी वाऱ्यानें कलत कलत दोन हातांवर बुडते, आणि पाणी पावणेचार हात खोल निघतें. बोरू चीनमधून आला कीं कमळ येथून गेलें, कीं दोन्हीकडच्या गुरूंनीं आपापल्या तळ्याकडे पाहूनच गणित केलें, हें ठरविण्याचें कारण नाहीं. पाण्याची खोली मोजण्यास कोणी कमळ वांकवीत नाहीं. लांब काठी पुरते. परंतु ज्या मुलानें कमळाचा देंठ वाऱ्यानें कलतांना पाहिला आहे, त्यास काटकोन त्रिकोण कोणी काढून दाखवावा लागत नाहीं. देंठ तोच, लांबी तीच, जागा मात्र बदलली. एवढें त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें कीं गणित अर्धें सुटलें.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ मध्यें, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचला. लीलावती ही त्याचाच एक भाग. हा सर्व ग्रंथ पद्यांत आहे, आणि रीतींबरोबर उदाहरणेंही पद्यांतच आहेत. त्या काळचा विद्यार्थी आधीं श्लोक मुखोद्गत करी आणि मग धूळपाटीवर आंकडे मांडी. तेव्हां नुसत्या आंकड्यांची रांग पाठ करण्यापेक्षां भुंग्यांचा थवा पाठ करणें सोपें, हें उघड आहे. थव्याचा पांचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा शिलींध्राच्या फुलांवर, त्या दोहोंच्या अंतराची तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी व मालती यांच्या सुगंधानें दोहोंकडे ओढला जाऊन आकाशांतच घिरट्या घालीत राहिला. ३, ५ आणि ६ मिळून १४. घुटमळणारा धरून १५. या एका भुंग्याचें काम श्रोत्यांनीं नीट पाहावें. तो नसता तर गणित सुटलेंच नसतें. आणि कवीनें त्याच एकट्याला मन दिलें आहे. दुसऱ्या एका श्लोकांत अर्जुन कर्णावर बाण सोडतो: निम्म्यांनीं कर्णाचे बाण अडविले, सर्वांच्या वर्गमूळाच्या चौपटीनें घोडे पडले, ६ शल्यावर, ३ छत्र, ध्वज आणि धनुष्य यांवर, एकानें शिर उडविलें. बाण १००. महाभारत ऐकलेल्या मुलास या हिशेबाचा कंटाळा येणें शक्यच नाहीं.

पण लीलावतींत फुलें आणि बाण यांखेरीज बाजारही आहे. तेथें एक यात्रेकरू निघतो. निम्मी रक्कम प्रयागास दान करतो, उरलेल्याचे दोन नवमांश काशीस, त्यांतून राहिलेल्याचा चतुर्थांश वाटेंत जकातीस जातो, मग सहा दशांश गयेस, आणि ६३ निष्क घेऊन तो घरीं येतो. निघतांना ५४० होते. त्यांपैकीं सुमारें बावन्न निष्क जकातदारांनीं घेतले. तीर्थयात्रेचा हा खर्च पुराणांत सांपडावयाचा नाहीं. व्याजाच्या उदाहरणांत महिन्यास शेंकडा पांच हा दर गृहीत धरला आहे, म्हणजे वर्षास शेंकडा साठ! आणि व्यस्त त्रैराशिकाचें उदाहरण वाचतांना तर वाचकास क्षणभर थांबावें लागतें. सोळा वर्षांच्या स्त्रीस ३२ निष्क मिळतात, तर वीस वर्षांच्या स्त्रीस किती? उत्तर २५ निष्क आणि तीन पंचमांश. त्याच श्लोकाच्या उत्तरार्धांत जुंवास जुंपून झिजलेल्या बैलाची किंमत काढावयाची आहे. वय वाढलें कीं मोल उतरतें, हा नियम दोघांनाही सारखाच लावला आहे. ग्रंथकारानें त्याबद्दल कांहींच म्हटलेलें नाहीं. म्हणावेंसें त्याला वाटलें नाहीं. दासीबाजाराचें वर्णन करणारा तो काळचा एखादा इतिहासकार जितकें सांगेल त्याहून या एका हिशेबानें अधिक सांगितलें आहे. ज्या गोष्टीस समाज सहज मानतो तीच उदाहरणांत नकळत उतरते, म्हणून जुनीं अंकगणितें इतिहासाच्या अभ्यासकानें अवश्य चाळावींत.

लीलावती ही आचार्यांची कन्या, तिच्या विवाहाच्या मुहूर्ताच्या वेळीं घटिकापात्रांत मोतीं पडून छिद्र बुजलें, मुहूर्त टळला, आणि तिच्या सांत्वनासाठीं ग्रंथ झाला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. ती मूळ संस्कृत ग्रंथांत नाहीं. अकबराच्या दरबारांतील फैजी यानें १५८७ मध्यें केलेल्या फार्सी भाषांतराच्या प्रस्तावनेंत ती येते. ग्रंथांत 'बाले' असें संबोधन आहे, तसें 'सखे' आहे आणि 'वणिग्वर' असेंही आहे. म्हणजे आचार्यांपुढें बालिका, मित्र आणि वाणी हे सगळेच बसलेले आहेत. पुढें १८१६ मध्यें जॉन टेलर यानें मुंबईस आणि १८१७ मध्यें कोलब्रुक यानें लंडनला या ग्रंथाचीं इंग्रजी भाषांतरें छापलीं.

महाराष्ट्रास या ग्रंथाचा अभिमान वाटावा, असा एक पुरावा चाळीसगांवाजवळच्या पाटणें येथें दगडावर कोरलेला आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचें अध्यापन चालावें म्हणून त्यानें तेथें मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यांतील मांडलिकांनीं त्यास उत्पन्न लावून दिलें. साल १२०७. शिलालेखाचा मुख्य भाग संस्कृतांत आहे. पण बाजारांतील मालावर मठासाठीं कोणीं काय द्यावयाचें, हा भाग मराठींत आहे. वाण्यास कळावयाचें तें वाण्याच्या भाषेंत. डॉ. भाऊ दाजी यांनीं हा लेख १८६५ मध्यें विद्वानांच्या नजरेस आणला.

पेशवाईच्या आणि त्यानंतरच्या काळांतील पंतोजींच्या शाळेंत मात्र भुंगे नव्हते. धुळाक्षरें गिरवून झालीं कीं पाढे. आणि पाढे म्हणजे केवळ बे आणि तीन यांचे नव्हेत, तर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. मुलाच्या हातीं छापील पुस्तक नसे. गोष्ट पुरवीत असे ती समोरची पेठ: सव्वातीन शेर तुपाचे किती, हें बापाच्या दुकानांत उभें राहून सांगावयाचें. चूक झाली तर नुकसान खरें होई. तोंडी हिशेबाची ती चलाखी पुढें कोणत्याही शाळेस साधली नाहीं. परंतु तिला मर्यादाही होती. ठराविक मापें आणि ठराविक नाणीं यांच्या पलीकडे ती जात नसे, आणि रीत कां बरोबर आहे हें विचारण्याची तेथें सोय नव्हती.

१८२२ मध्यें मुंबईस शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं मंडळी स्थापन झाली. तिचे चिटणीस जॉर्ज जर्विस यांनीं शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानें हटन या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथाच्या आधारें मराठींत गणिताचीं पुस्तकें तयार केलीं. तेव्हांपासून मराठी मुलाची पाटी छापील उदाहरणांनीं भरूं लागली. 'काळ, काम आणि वेग' हें प्रकरण तर इतकें प्रसिद्ध झालें कीं, त्याचें नांव काढतांच वयोवृद्ध माणसेंही अजून सावरून बसतात. त्यांतील मजूर हे पृथ्वीवरील नव्हत. ते थकत नाहींत, भांडत नाहींत, विडी ओढण्यास बसत नाहींत. दहा माणसें एक भिंत बारा दिवसांत बांधतात; तर बाराशें माणसें ती दिवसाच्या दहाव्या भागांत बांधतील! रीत निर्दोष आहे, परंतु तेथें भिंत व्हावयाची नाहीं, जत्रा होईल. कॅनडांतील विनोदी लेखक स्टीफन लीकॉक यानें १९१० मध्यें या अ, ब आणि क नांवाच्या कामकऱ्यांचें चरित्रच लिहून टाकलें.

रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, मणाचे ४० शेर या कोष्टकांवर मुलांचें बालपण खर्ची पडत असे. १ एप्रिल १९५७ रोजीं शंभर नवे पैसे आले, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि जुन्या अंकगणिताचीं कित्येक प्रकरणें एका रात्रींत निरुपयोगी झालीं. मुलांचा मोठा भार उतरला, यांत संशय नाहीं. मात्र पावकी-निमकी गेल्यानें अपूर्णांक जिभेवर खेळविण्याची एक संवयही गेली.

निरुपद्रवी दिसणाऱ्या या उदाहरणांत विष कालवतां येतें, याचेही दाखले आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धांत, १८६४ मध्यें, दक्षिणेकडील राज्यांत छापलेल्या एका अंकगणितांत आपला एक शिपाई शत्रूचे सात गारद करतो, तर ४९ शत्रूंस किती शिपाई पुरतील, असा हिशेब आहे. याला बढाई म्हणून सोडून देतां येईल. परंतु जर्मनींत हिटलरच्या राजवटींत, १९३५ च्या सुमारास, शाळांसाठीं निघालेल्या गणिताच्या पुस्तकांत असें विचारलें होतें: वेड्यांचें इस्पितळ बांधण्यास ६० लाख मार्क लागतात, १५,००० मार्कांचें एक याप्रमाणें तितक्यांत किती घरें झालीं असतीं? उत्तर ४००. भागाकार सोपा आहे, शेरा मारण्याजोगें एकही अक्षर त्यांत नाहीं. आणि १९३९ पासून त्याच देशांत मनोरुग्ण व अपंग माणसांस इस्पितळांतून नेऊन मारण्यास आरंभ झाला. पहिल्या दोन वर्षांतच अशा सुमारें सत्तर हजार जीवांचा बळी गेला. वर्गांतल्या मुलास कोणीं मत विचारलें नव्हतें. त्यानें फक्त भागाकार केला होता.

मत न विचारतां आंकडे चालविण्याची ही संवय मुलांच्या अंगीं किती मुरते, याची परीक्षा फ्रान्समध्यें झाली. फ्लोबेर हा पुढें प्रसिद्ध झालेला कादंबरीकार विशींत असतां, १८४१ मध्यें, त्यानें आपल्या बहिणीस पत्रांतून थट्टेनें एक गणित घातलें: जहाजाचा माल, वाऱ्याची दिशा, मोडलेली डोलकाठी असा पुष्कळ तपशील देऊन शेवटीं कप्तानाचें वय विचारलें. १९८० च्या सुमारास ग्रेनोब्ल येथील गणित-अध्यापनाच्या संस्थेनें ही थट्टा खरोखरच वर्गांत नेली. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत. कप्तानाचें वय किती? दुसरी-तिसरींतील ९७ मुलांपैकीं ७६ मुलांनीं दिलेल्या आंकड्यांची कांहींतरी जुळवाजुळव करून वय काढून दिलें. मुलें मूर्ख होतीं असें कोणीं समजूं नये. शाळेंत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नास उत्तर असतेंच, आणि दिलेले सगळे आंकडे वापरावयाचे असतात, हा धडा त्यांना न शिकवतां आला होता. अमेरिकेंत तेरा वर्षांच्या मुलांची जी मोठी परीक्षा झाली व जिचे निष्कर्ष १९८३ मध्यें प्रसिद्ध झाले, तींत ११२८ शिपायांस नेण्यासाठीं ३६ जणांच्या किती बसगाड्या लागतील असें विचारलें होतें. शेंकडा ७० मुलांनीं भागाकार बरोबर केला. पण त्यांतल्या २९ जणांनीं '३१ गाड्या, बाकी १२' असें लिहिलें, १८ जणांनीं ३१ लिहिलें, आणि ३२ लिहिणारे अवघे २३ निघाले. बारा शिपाई रस्त्यावर उभेच राहिले.

हा रोग बाराव्या शतकांतही होता, आणि त्यावर भास्कराचार्य चिडले आहेत. चौकोनाच्या चार बाजू तेवढ्या सांगून क्षेत्रफळ विचारण्याची चाल होती. वास्तविक त्याच चार बाजूंचा चौकोन दाबला किंवा ताणला तर क्षेत्रफळ बदलतें. एखादा कर्ण किंवा लंब दिल्याशिवाय उत्तर ठरत नाहीं. असा प्रश्न विचारणारा पिशाच होय, आणि त्याचें उत्तर देणारा त्याहूनही मोठा पिशाच, असें आचार्यांनीं लीलावतींत स्पष्ट म्हटलें आहे. कप्तानाचें वय विचारणाऱ्यास आणि सांगणाऱ्यास याहून नेमका शब्द सुचणें कठीण. तेथेंच त्यांनीं ३, ६, २ आणि १२ बाजूंचा चौकोन आणि ३, ६ व ९ बाजूंचा त्रिकोण हीं मुद्दाम उदाहरणें दिलीं आहेत, आणि हीं क्षेत्रेंच नव्हेत असा निकाल दिला आहे. ज्याचा विश्वास बसत नसेल त्यानें तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या घेऊन जमिनीवर मांडून पाहाव्या, म्हणजे शंका फिटेल. पाठांतराच्या युगांतील गुरु शिष्यास काड्या घेऊन बसण्यास सांगतो, हें विशेष आहे.

आणि त्यांच्या बीजगणितांत वानरांचें उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून राहिलेल्याचा वर्ग केला, तितके वानर गुहेंत गेले. एक फांदीवर चढलेला दिसला. कळप केवढा? रीतीनें दोन उत्तरें येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पंचमांश १०, त्यांतून ३ गेले, ७ उरले. ७ चा वर्ग ४९, आणि फांदीवरचा एक. पांचाचाही ताळा जमतो: पंचमांश १, त्यांतून ३ गेले, ऋण २; त्याचा वर्ग ४, आणि फांदीवरचा एक मिळून ५. आंकड्यांत कोठेंही खोट नाहीं. तरी आचार्यांनीं दुसरें उत्तर टाकून दिलें, कारण एका वानरांतून तीन वानर वजा होत नाहींत आणि ऋण वानरांवर लोकांचा विश्वास बसत नाहीं. गुहेच्या तोंडाशीं उभें राहून त्यांनीं वानर मोजले आणि ५० ठेवले.